ताळमेळाचा इतिहास : हातातील वही, लिनक्स संगणक आणि सुरगाणा तालुका

हिशेबाच्या मराठी परिभाषेत ‘ताळा’ आणि ‘मेळ’ हे दोन शब्द जुने आहेत. रोजकीर्दीत लिहिलेली रक्कम खतावणीत तशीच उतरली आहे की नाही हे पाहणे म्हणजे मेळ घालणे, आणि तो बसला याची दुसऱ्या वाटेने खात्री करून घेणे म्हणजे ताळा. एकच नोंद दोन ठिकाणी ठेवावयाची म्हटले की या दोन्ही क्रिया अटळ होतात. संगणकाच्या व्यवहारात जिला ‘सिंक’ म्हणतात ती क्रिया याहून निराळी नाही. म्हणून प्रस्तुत लेखात तिच्यासाठी ‘ताळमेळ’ हाच शब्द योजिला आहे. नवा शब्द घडविण्याची हौस संशोधकाने शक्य तेथे आवरावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

या क्रियेच्या इतिहासाकडे वळण्याचे कारण नाशिक जिल्ह्याच्या वायव्य टोकाला असलेल्या सुरगाणा तालुक्यात सापडते. १९४८ पर्यंत हे देशमुखांचे एक छोटे संस्थान होते आणि नाशिकचा कलेक्टर हाच त्याचा पोलिटिकल एजंट असे. आज कळवण, दिंडोरी व पेठ हे तालुके एका अंगाला आणि गुजरातचा डांग व वलसाडचा मुलूख दुसऱ्या अंगाला, अशा बेचक्यात हा डोंगराळ तालुका वसला आहे. वस्ती मुख्यतः कोकणा, वारली व महादेव कोळी या आदिवासी समाजांची. २०२२ च्या अखेरीस येथील सीमेवरील काही गावांनी रस्ते, पाणी, आरोग्य या सोयींच्या अभावी आपणांस गुजरातेत समाविष्ट करावे अशी मागणी केली, तेव्हा तालुक्याचे नाव काही दिवस वृत्तपत्रांत गाजले. अशा मुलखात अंगणवाडी सेविकेच्या हाती जेव्हा फोन आला आणि पोषणाच्या नोंदी त्यातून दूरच्या सर्व्हरकडे जाऊ लागल्या, तेव्हा हातातील नोंद आणि दूरची नोंद यांचा ताळमेळ हा तेथील नित्याचा प्रश्न झाला. डोंगराआड जोडणी नाही. नोंद हातात आहे, पण ती पोचलेली नाही. ती झाली असे मानावयाचे की नाही?

हा प्रश्न प्रथम या स्वरूपात उभा राहिला तो वीस-बावीस वर्षे आधी आणि अगदी वेगळ्या समाजात. मार्च १९९६ मध्ये यू. एस. रोबोटिक्स या अमेरिकन कंपनीच्या पाम विभागाने ‘पायलट’ नावाचे एक हातात मावणारे यंत्र बाजारात आणले. त्याचे दोन प्रकार होते : पायलट १००० याची स्मृती १२८ किलोबाइट, तर पायलट ५००० याची ५१२ किलोबाइट. दोन बारीक बॅटऱ्यांवर ते आठवडे चाले. त्यात चारच मुख्य वह्या होत्या : तारखांची, पत्त्यांची, कामांची व टिपणांची. यंत्राचा कर्ता जेफ हॉकिन्स याने प्रत्यक्ष यंत्र होण्यापूर्वी त्याच आकाराचा लाकडाचा ठोकळा खिशात बाळगून त्याची सवय करून पाहिली होती, ही हकीकत सुप्रसिद्ध आहे.

परंतु पायलटचे खरे वैशिष्ट्य आकारात नव्हते. त्याच्या आधीही हस्तसंगणक झाले, आणि त्यांपैकी बहुतेक स्वतःला पूर्ण संगणक समजत. पायलट मात्र आरंभापासूनच दुसऱ्या संगणकाची फिरती वही म्हणून रचलेले होते. त्याच्यासोबत एक बैठक मिळे. तीत यंत्र ठेवून बैठकीवरील एकुलते बटण दाबले की मेजावरील संगणकातल्या वह्या आणि यंत्रातल्या वह्या परस्परांशी जुळविल्या जात. ‘हॉटसिंक’ हे त्या क्रियेचे व्यापारी नाव.

या जुळणीची आतली रचना थोडी तपशिलाने पाहण्याजोगी आहे. कारण पुढचा सारा वाद तिच्यात बीजरूपाने आहे. पायलटमधील प्रत्येक नोंदीस तिचा स्वतःचा एक क्रमांक असे आणि त्याच्याजवळ काही खुणा असत. नोंद बदलली की एक खूण लागे. पुसली की दुसरी. पुसलेली नोंद लगेच नाहीशी होत नसे. जुन्या दप्तरात खोडलेली रक्कम वाचता येईल अशीच खोडीत, तशी ती पुढच्या ताळमेळापर्यंत खुणेसह टिकून राही, जेणेकरून मेजावरील संगणकालाही ‘ही गेली’ असे सांगता यावे. यंत्र मागच्या वेळी ज्या संगणकाशी जुळले होते त्याच्याशीच पुन्हा जुळत असेल, तर केवळ खुणा लागलेल्या नोंदी तपासून भागे. ती शीघ्र जुळणी. संगणक दुसरा निघाला तर खुणांवर विश्वास ठेवता येत नसे, आणि मग पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक नोंद समोरासमोर धरून पाहावी लागे; ती मंद जुळणी.

आणि एकाच नोंदीत दोन्हीकडे निरनिराळे बदल झाले तर? पायलटच्या रचनाकारांनी येथे जो निर्णय घेतला तो मला फार शहाणपणाचा वाटतो. यंत्राने कोणाचीही बाजू घेतली नाही. दोन्ही नोंदी दोन्हीकडे ठेवल्या जात आणि कोणती खरी हे मालकावर सोडले जाई. एकीकडे नोंद पुसली आणि दुसरीकडे बदलली असेल, तर बदललेली टिके. अर्थात् मालकाने स्वतः सांगितले तर एक बाजू दुसरीवर सरसकट लादता येई; पण तो हुकूम मालकाचा असे, यंत्राचा नव्हे. यामुळे पत्त्यांच्या वहीत एकाच माणसाची नावे दोनदोनदा दिसत आणि लोक त्रासत. परंतु जादा नोंद खोडता येते. हरवलेली परत आणता येत नाही.

आता लिनक्सकडे. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स याने हेलसिंकी येथे विद्यार्थी असताना हे केंद्रक प्रसिद्ध केले, आणि १९९६ पर्यंत विद्यापीठांतून व हौशी तंत्रज्ञांतून ते बरेच पसरले होते. पाम कंपनीने मात्र ताळमेळाचा कार्यक्रम विंडोज व मॅकिन्टॉश या दोनच प्रणालींसाठी दिला. लिनक्स वापरणाऱ्याच्या दृष्टीने पायलट ही अशी वही होती की जिचे एक टोक त्याच्या हातात आणि दुसरे टोक परक्याच्या घरात. ती उणीव केनेथ अल्बानोव्स्की व त्याचे सहकारी यांनी ‘पायलट-लिंक’ नावाच्या कार्यक्रमसंचाने भरून काढली. यंत्र तारेवरून काय बोलते याचे थर त्यांनी एकेक करून सोडविले : सर्वांत खाली बिटांची पाकिटे, त्यांवर पाकिटे जोडण्याचा करार, त्यांवर वेग ठरविण्याचा (आरंभी ९६०० बॉडने ओळख करून घ्यावयाची, मग दोघांना झेपेल तो वेग), आणि सर्वांत वर ‘अमुक वही उघड, अमुक नोंद दे’ असे सांगणारी आज्ञावली. हे सारे मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध झाल्याने त्यावर इतरांना बांधकाम करता आले. जड मॉन्टगोमेरी याचे ‘जे-पायलट’, केडीई या मेजप्रणालीचे ‘के-पायलट’, जीनोमचे ‘जीनोम-पायलट’ ही सारी याच पायावरची.

हे काम सुरळीत चाले असे मात्र कोणी समजू नये. शृंखलाद्वाराच्या काळात मुख्य अडचण परवानगीची असे : द्वार संगणकाच्या व्यवस्थापकाचे, वापरणारा साधा सदस्य. त्याला योग्य गटात घालावे लागे आणि द्वाराला ‘पायलट’ असे टोपणनाव द्यावे लागे. पुढे १९९९ मध्ये हँडस्प्रिंग कंपनीचे ‘व्हायजर’ यूएसबी जोडणी घेऊन आले, तेव्हा अडचण अधिकच चमत्कारिक झाली. ग्रेग क्रोआ-हार्टमन याने त्यासाठी लिनक्सच्या केंद्रकात चालक लिहिला. परंतु बैठकीवरील बटण दाबेपर्यंत यंत्र संगणकाला दिसतच नसे, आणि काम संपताच पुन्हा नाहीसे होई. शिवाय दिसे तेव्हा एक नव्हे, दोन द्वारे दिसत, आणि त्यांपैकी बहुधा दुसरे उपयोगाचे असे. कार्यक्रम आधी सुरू करावा की बटण आधी दाबावे, हा प्रश्न ज्यांनी एखादी संध्याकाळ त्यात घालविली आहे त्यांना विचारावा. दाराची कडी वाजवावयाची, पण दार कडी वाजविल्यावरच भिंतीतून उगवणार, असा तो प्रकार होता.

हे कष्ट त्यांनी का सोसले? मला वाटते, दुसरे टोकही आपल्याच घरी असावे एवढ्यासाठी. पायलट-लिंकने वहीची संपूर्ण प्रत स्वतःच्या संगणकावर काढता येई, ती वाचता येई, आणि यंत्र बिघडले तर नव्या यंत्रात जशीच्या तशी परत भरता येई. कंपनी राहिली काय आणि गेली काय, प्रत राहणार होती. हा भेद केवळ तात्त्विक नव्हता. पाम विभाग १९९७ मध्ये थ्रीकॉमकडे गेला, २००० मध्ये स्वतंत्र झाला, २०१० मध्ये एचपीने विकत घेतला. आणि २००९ मध्ये, म्हणजे शेवटच्या पर्वात, पामने ‘वेबओएस’ नावाची जी नवी प्रणाली आणली तिचे केंद्रक स्वतः लिनक्स होते! विरोधाभास असा की त्याच प्रणालीत हॉटसिंकचे बटण नाहीसे झाले. आता ताळमेळ होणार होता तो जाळ्यावरील सर्व्हरशी. तेरा वर्षे लिनक्स-वापरकर्ते ज्या जुळणीसाठी झटले ती, हातातील यंत्र लिनक्सचे झाले त्याच क्षणी, पामच्या रचनेतून संपली. इतिहासाच्या अभ्यासकाने या घटनेपाशी थोडे थांबावे असे मला वाटते, कारण सुरगाण्याचा प्रश्न येथून सुरू होतो.

तत्पूर्वी दोन गोष्टी. पहिली लिपीची. पाम प्रणालीची मूळ अक्षरव्यवस्था पश्चिम युरोपीय लिपीपुरती, एका अक्षराला एक बाइट अशी होती. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्थान होते, भारतीय मानक संस्थेची ‘इस्की’ ही प्रमाणसंहिताही त्याच वर्षीची. लिनक्सवर पुढे युनिकोड रुळले. पण ताळमेळाच्या वेळी अरुंद टोकाचा नियम चाले. दोन भांड्यांपैकी लहानात जेवढे मावेल तेवढेच इकडून तिकडे जाणार. मराठी टिपण हातातल्या यंत्राकडे निघाले की वाटेतच त्याची अक्षरे गळत. ताळमेळाचा प्रश्न भाषेचाही असतो, हे इथे प्रथम ध्यानात येते.

दुसरी गोष्ट ‘सिम्प्युटर’ची. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन व व्ही. विनय हे अध्यापक आणि एन्कोअर कंपनीतील विनय देशपांडे यांच्यासारखे तंत्रज्ञ यांनी एका विश्वस्त संस्थेमार्फत रचलेले हे यंत्र एप्रिल २००१ मध्ये लोकांपुढे आले. ते लिनक्सवर चाले आणि भारतीय भाषांतील मजकूर वाचून दाखवू शके. त्याची रचना पायलटहून एका बाबतीत मूलतः वेगळी होती. यंत्र एकट्याने विकत घ्यावयाचे नव्हते, गावाने मिळून वापरावयाचे होते. प्रत्येकाची नोंद त्याच्या स्वतःच्या स्मार्ट कार्डात, म्हणजे त्याच्या खिशात. ज्याचे कार्ड त्याची वही. २००४ मध्ये ‘अमिडा’ या नावाने ते विक्रीस आले, परंतु रुजले नाही. किंमत सुमारे दहा हजार रुपयांपासून पुढे होती, आणि मोबाइल फोन स्वस्त होत चालले होते. सिम्प्युटर अयशस्वी ठरला हे खरे. तथापि गावकऱ्याची नोंद गावकऱ्याकडेच राहावी या विचाराला यंत्राचे रूप देण्याचा तो प्रयत्न होता, आणि त्यानंतरच्या सरकारी यंत्रणांत तो विचार मला कोठे आढळला नाही.

८ मार्च २०१८ रोजी पोषण अभियान सुरू झाले. त्याअन्वये अंगणवाड्यांच्या ११ नोंदवह्यांपैकी १० नोंदवह्यांची जागा घेणारी एक संगणकप्रणाली सेविकांच्या फोनवर देण्यात आली. सर्वसाधारणपणे ती ‘कॅस’ या नावाने ओळखली गेली. तिचा पाया ‘कॉमकेअर’ हा मुक्त कार्यक्रमसंच. जोडणी नसली तरी फोनवर काम चालावे, भरलेले अर्ज साठून राहावे, आणि जोडणी मिळताच सर्व्हरकडे जाऊन तेथील यादी पुन्हा फोनवर उतरावी, अशी तिची रचना होती. तांत्रिक दृष्टीने पाहता हे पायलटचेच वारस. आणि आता पाहा : फोनवरील अँड्रॉइडचे केंद्रक लिनक्स, पलीकडील सर्व्हरही लिनक्सवर चालणारा. १९९६ मध्ये ज्यासाठी तारेवरचे संभाषण ऐकत बसावे लागले ती जुळणी आता दोन्ही टोकांना लिनक्सचीच झाली होती. तरीही पायलटच्या मालकापाशी जे होते ते सेविकेपाशी नव्हते. ताळमेळाचे नियम तिने ठरविलेले नव्हते. संपूर्ण प्रत तिच्या घरी नव्हती. आणि दोन नोंदींत तफावत आली तर निर्णय तिच्याकडे येत नव्हता. लिनक्स दोन्हीकडे असणे आणि दोन्ही टोके आपली असणे या भिन्न गोष्टी आहेत.

या भेदाची झळ सुरगाण्यासारख्या ठिकाणी अधिक लागते, याचे एक कारण स्थलांतर. भातकापणी आटोपली की येथील कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत किंवा नाशिकच्या बांधकामांवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. अशा घरातील मूल कार्तिकात एका अंगणवाडीच्या यादीत असते आणि माघात दुसरीच्या. गावच्या सेविकेने मूल गैरहजर लिहिले, बागेजवळच्या सेविकेने त्याचे वजन केले; दोघीही खऱ्या. पायलटच्या न्यायाने दोन्ही नोंदी दोन्हीकडे राहिल्या असत्या, आणि कोणीतरी माणसाने त्या समोरासमोर धरून पाहिल्या असत्या. एकच जागा आणि एकच नोंद मानणाऱ्या प्रणालीत मात्र त्यांपैकी एक खोटी ठरावी लागते, आणि कुपोषणाच्या हिशेबात कोणती नोंद खोटी ठरली यावर त्या मुलाचा आहार अवलंबून असतो.

कॅस २०२० मध्ये थांबली आणि मार्च २०२१ पासून ‘पोषण ट्रॅकर’ आला. त्या वर्षीच्या ऑगस्टपासून महाराष्ट्रातील हजारो अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले फोन परत केले. कारणे त्यांनी स्पष्ट सांगितली : फोन तापतात व बंद पडतात, दुरुस्तीचा खर्च अंगावर येतो, आणि नव्या प्रणालीत नोंद इंग्रजीत भरावी लागते. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. अरुंद टोकाचा नियम येथे पुन्हा दिसतो, फक्त टोक बदललेले आहे. आता हातातले यंत्र मराठी जाणत होते आणि अडत होते ते पलीकडचे. या आंदोलनाकडे यंत्राला भिणाऱ्या बायकांचा विरोध म्हणून पाहणारे काही जण त्या वेळी भेटले. वस्तुतः तो पायलट-लिंकच्या कर्त्यांनी मांडलेलाच प्रश्न होता. त्यांच्यापाशी आज्ञावली लिहिण्याची विद्या होती, सेविकांपाशी फोन परत करण्याची.

ताळमेळाची दुसरी रीत या राज्याला अपरिचित आहे असे नाही. हस्तलिखित सातबारा संगणकावर चढविताना क्षेत्र, नावे व फेरफार यांत असंख्य तफावती राहिल्या, आणि २०१७ साली त्या शोधण्यासाठी महसूल खात्याने ‘चावडी वाचना’ची मोहीम काढली. संगणकीय सातबारा गावाच्या चावडीत मोठ्याने वाचावयाचा, हस्तलिखिताशी ताडून पाहावयाचा, खातेदाराने हरकत घ्यावयाची आणि ती लिहून मग दुरुस्ती करावयाची. अंमलबजावणीत त्रुटी पुष्कळ राहिल्या असतील. तरी पद्धत म्हणून ही शुद्ध मंद जुळणी होती : प्रत्येक नोंद, समोरासमोर, आणि ज्याची नोंद तो हजर.

परंतु सुरगाण्यात जमिनीचा मोठा प्रश्न चावडी वाचनानेही सुटणारा नव्हता, कारण दोन प्रतींचा मेळ घालण्यासाठी नोंद निदान एका प्रतीत तरी असावी लागते. पिढ्यान्‌पिढ्या वनजमीन कसणाऱ्यांची नोंद ना हस्तलिखितात होती, ना संगणकात. ६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून निघून १२ मार्चला मुंबईस पोचलेल्या शेतकऱ्यांच्या पायी मोर्चात सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवण या भागांतील आदिवासी फार मोठ्या संख्येने होते, आणि वनहक्काचे दावे निकालात काढावेत ही त्यांची एक मुख्य मागणी होती. या दाव्यांतही हातातील यंत्र आलेच : प्लॉटची मोजणी उपग्रहाधारित स्थाननिर्देशक यंत्राने होऊ लागली, उपग्रहचित्रांशी ती ताडून पाहिली जाऊ लागली, आणि चित्रात शेत दिसत नाही म्हणून दावे नाकारले गेल्याच्या तक्रारी निरनिराळ्या राज्यांतून आल्या. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील नियमांत २०१२ साली दुरुस्ती झाली ती या संदर्भात वाचण्यासारखी आहे. उपग्रहचित्रे व इतर तंत्रसाधने अन्य पुराव्याला पूरक म्हणून वापरता येतील, त्या पुराव्याच्या जागी नव्हे, असे ती सांगते. आणि अन्य पुराव्यांच्या यादीत, कागदपत्रांच्या जोडीने, दावेदाराव्यतिरिक्त गावातील वडीलधाऱ्या माणसांनी सांगितलेले व लिहून घेतलेले निवेदनही आहे.